निःशस्त्रीकरणात काम करायचंय? आधी एक करार निवडा

प्रश्न फोंड्याच्या एका विद्यार्थिनीचा आहे. बीए एलएलबीच्या चौथ्या वर्षाला आहे. निःशस्त्रीकरण आणि आंतरराष्ट्रीय कायद्यात काम करायचं आहे, तर कोणती पदवी घ्यावी, गोवा सोडावाच लागेल का आणि यात पोट भरतं का, असं तिनं विचारलंय. पर्वरीला हायकोर्टात वकिली कर, असा घरच्यांचा आग्रह असल्याचंही कळवलंय.

‘निःशस्त्रीकरण अधिकारी’ अशा नावाच्या जागा जगात मोजक्याच निघतात. प्रत्यक्षात जाहिराती येतात त्या वेगळ्याच नावांनी: रासायनिक अस्त्रबंदी कराराखालची घोषणापत्रं तपासणारा अधिकारी, भूसुरुंग काढणाऱ्या संस्थेतला माहिती-व्यवस्थापक, कंपनीतला निर्यात-परवाना अधिकारी, परराष्ट्र मंत्रालयाच्या विधी व करार विभागातला विधी अधिकारी, एखाद्या मोहिमेसाठी धोरण-टिपणं लिहिणारा. यांतल्या प्रत्येकाला एक करार परिशिष्टांसकट तोंडपाठ असतो आणि एक हातचं काम येत असतं. जागतिक शांततेची तळमळ असलेल्यांचे अर्ज ढिगानं येतात. घोषणापत्रातली चूक पकडू शकणारा माणूस शोधावा लागतो.

बहुतेक विद्यार्थी सुरुवात अण्वस्त्रांपासून करतात. माझं मत, पहिला विषय म्हणून ते घेऊ नका. त्यात लिहिणारे भरपूर, जागा कमी, आणि भारतीय उमेदवाराची अडचण अशी की आपला देश या करारांच्या बाहेर उभा आहे. १९६८ चा अण्वस्त्रप्रसारबंदी करार, म्हणजे एनपीटी, भारतानं मानलेला नाही. १९९६ च्या सर्वंकष अणुचाचणीबंदी करारावर सही नाही. हा करार लागू व्हायला ठरावीक ४४ देशांचं अनुमोदन लागतं, त्या ४४ मध्ये भारत आहे. शिवाय रशियानं २०२३ मध्ये आपलं अनुमोदनही मागे घेतलं. २०१७ चा अण्वस्त्रबंदी करार १२२ मतांनी मंजूर झाला आणि २२ जानेवारी २०२१ पासून लागू आहे, पण त्या वाटाघाटींत भारत बसलाच नाही. अण्वस्त्रांच्या संख्येवर मर्यादा घालणाऱ्या अमेरिका-रशियातल्या न्यू स्टार्ट कराराची मुदत तर ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतचीच होती.

तरीही कायद्याच्या विद्यार्थिनीनं यातली दोन कागदपत्रं मुळातून वाचावीत. पहिलं म्हणजे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं ८ जुलै १९९६ चं सल्लागार मत. अण्वस्त्रांचा वापर सर्वसाधारणपणे बेकायदा ठरेल, पण राष्ट्राच्या अस्तित्वावरच बेतलं असेल तर काय हे सांगता येत नाही, हा भाग सात विरुद्ध सात मतांवर अडला आणि अध्यक्षांच्या निर्णायक मतानं सुटला. अण्वस्त्रांच्या निःशस्त्रीकरणासाठी प्रामाणिकपणे वाटाघाटी करून त्या शेवटास नेण्याची जबाबदारी मात्र सर्व न्यायाधीशांनी एकमतानं मान्य केली. दुसरं, मार्शल बेटांनी अण्वस्त्रांवरून भारताविरुद्ध लावलेला खटला. ५ ऑक्टोबर २०१६ ला न्यायालयानं तो नऊ विरुद्ध सात मतांनी अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावरच निकालात काढला: खटला दाखल करताना दोन देशांत ‘वाद’ होता हे सिद्ध होत नाही, कारण समोरच्या देशाला आपल्याशी वाद आहे याची जाणीव असायला हवी होती. अण्वस्त्रांवर एक शब्दही न बोलता खटला कसा संपतो, हे इथं शिकायला मिळतं. पर्वरीत रिट याचिका चालवणाऱ्याला हा प्रकार ओळखीचाच वाटेल.

मग पहिला करार कुठला घ्यायचा? गोव्यात बसून पाहिलं तर दोन दारं उघडी दिसतात, आणि दोन्हींकडे फारसं कुणी फिरकत नाही.

पहिलं रसायनांचं. रासायनिक अस्त्रबंदी करार २९ एप्रिल १९९७ पासून लागू आहे. त्याची संघटना ओपीसीडब्ल्यू हेगमध्ये आहे, सदस्य १९३ देश. बाहेर राहिलेले चारच: इजिप्त, उत्तर कोरिया, दक्षिण सुदान आणि सही करून अनुमोदन न दिलेला इस्रायल. भारत सुरुवातीपासूनचा सदस्य. आपला जाहीर केलेला साठा आपण २००९ मध्ये नष्ट करून संपवला. देशात २००० चा स्वतंत्र कायदा आणि दिल्लीत राष्ट्रीय प्राधिकरण आहे. म्हणजे इथं भारतीय असणं ही अडचण होत नाही, उलट जमेची बाजू ठरते.

हा करार कारखान्याच्या फाटकातून आत येतो. रसायनांच्या तीन अनुसूची आहेत. तिसऱ्या अनुसूचीत फॉस्जीन, थायोनिल क्लोराइड, फॉस्फरस ऑक्सिक्लोराइड, ट्रायइथेनॉलअमाइन अशी उद्योगात सर्रास लागणारी द्रव्यं आहेत. एखाद्या प्लांटनं यातलं एखादं द्रव्य वर्षाला ३० टनांपेक्षा जास्त तयार केलं तर ते घोषित करावं लागतं, आणि २०० टनांपुढे गेलं तर हेगची तपासणी येऊ शकते. दुसऱ्या अनुसूचीत मर्यादा फार खाली येते: बहुतेक रसायनांना १ टन, काहींना १०० किलो, बीझेड या एका द्रव्याला फक्त १ किलो. यांखेरीज कुठल्याच अनुसूचीत नसलेल्या सेंद्रिय रसायनांचीही नोंद असते. संश्लेषणानं वर्षाला एकूण २०० टनांवर माल काढणारा प्लांट घोषित करायचा. त्या रसायनात फॉस्फरस, गंधक किंवा फ्लोरीन असेल तर एकेका रसायनाला ३० टनांची मर्यादा.

घोळ होतात ते इथंच. आमच्याकडे अनुसूचीतलं काही नाही, असं म्हणून व्यवस्थापक फाइल बंद करतो. सेंद्रिय रसायनांची ही शेवटची नोंद त्याच्या गावीही नसते. खरेदी विभाग व्यापारी नावानं माल नोंदवतो, त्यामुळे कॅस क्रमांक, म्हणजे प्रत्येक रसायनाचा ठरलेला ओळख-क्रमांक, जुळत नाही. दुसऱ्या अनुसूचीत उत्पादन, प्रक्रिया आणि वापर तिन्ही मोजायचे असतात, तिसरीत फक्त उत्पादन. हा फरक न कळल्यामुळे थायोनिल क्लोराइड नुसतं वापरणारा औषध कारखाना विनाकारण घाबरतो, आणि दुसऱ्या अनुसूचीतलं थायोडायग्लायकोल वापरणारा बिनधास्त राहतो. गेल्या वर्षीचे आकडे वर्ष संपल्यापासून ९० दिवसांत देशाकडून हेगला पोचायला हवेत, म्हणजे कारखान्यानं ते दिल्लीला त्याच्या बऱ्याच आधी द्यायचे. आपली सवय मार्चअखेरची. जानेवारी-डिसेंबरचं पत्रक मागितलं की हिशेब एप्रिल-मार्चचा काढून दिला जातो. तिसऱ्या अनुसूचीच्या प्लांटची तपासणी १२० तासांच्या सूचनेवर येते आणि २४ तास चालते. त्या वेळी कागद शोधत बसायला सवड नसते.

वेर्णा, कुंडई, थिवी, पिळर्ण इथल्या औषध कारखान्यांत बहुतांश काम गोळ्या-कॅप्सूल बनवण्याचं, म्हणजे फॉर्म्युलेशनचं आहे, आणि निव्वळ मिश्रण करणं हे संश्लेषण धरलं जात नाही. त्यामुळे घोषणेखाली येणारे प्लांट गोव्यात थोडेच निघतील. पण हे ठरवण्यासाठीसुद्धा कुणीतरी यादी हातात घेऊन प्रत्येक प्रक्रिया तपासावी लागते. रसायनशास्त्राचा पदवीधर मित्र सोबतीला घेऊन एका काल्पनिक प्लांटचं घोषणापत्र भरून पाहा. नोकरीच्या मुलाखतीत हे एक पान प्रमाणपत्रांच्या फाइलपेक्षा जास्त बोलतं.

याच दाराला लागून निर्यात-नियंत्रणाची खोली आहे. नागरी आणि लष्करी अशा दुहेरी वापराच्या वस्तूंची भारताची यादी म्हणजे स्कोमेट. परवाना बहुतेक वर्गांसाठी विदेश व्यापार महासंचालनालय देतं, लष्करी वस्तूंच्या सहाव्या वर्गासाठी संरक्षण उत्पादन विभाग आणि अणुविषयक शून्य वर्गासाठी अणुऊर्जा विभाग. मागे कायदा आहे तो सामूहिक संहाराच्या अस्त्रांबाबतचा २००५ चा, ज्यात २०२२ मध्ये अर्थपुरवठ्यावरची बंदी जोडली गेली. आणि त्याच्याही मागे सुरक्षा परिषदेचा २००४ चा ठराव क्रमांक १५४०. भारत २०१६ मध्ये क्षेपणास्त्र तंत्रज्ञान गटात, २०१७ मध्ये वासेनार गटात आणि २०१८ मध्ये ऑस्ट्रेलिया गटात, म्हणजे देशांनी मिळून केलेल्या निर्यात-नियंत्रणाच्या गटांत, गेल्यावर ही यादी बरीच वाढली. अर्ज परत येण्याची कारणं मात्र साधी असतात: अंतिम वापरकर्त्याचा पत्ता खरेदी-आदेशातल्या पत्त्याशी जुळत नाही, नगांची संख्या दोन कागदांवर वेगळी, प्रमाणपत्रावर सही मध्यस्थ व्यापाऱ्याची. वास्कोचं जहाजबांधणी क्षेत्र, मुरगाव बंदर आणि वेर्ण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स कंपन्या जवळ असताना हे काम शिकायला दिल्ली गाठायची गरज नाही. यात घोषणा-मोर्चे नाहीत, पगार मात्र वेळेवर होतो. अस्त्रांचा प्रसार रोखण्याचं रोजचं काम असंच चालतं.

दुसरं दार भाषेचं आहे, आणि ते खास गोंयकारांचं. संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांत पोर्तुगीज नाही, पण भूसुरुंगांच्या नकाशावर ती मोठी भाषा आहे. अंगोला आणि मोझांबिक हे दोन्ही पोर्तुगीज बोलणारे देश. अंगोलात सफाई अजून चालू आहे. मोझांबिकनं २०१५ मध्ये देश सुरुंगमुक्त झाल्याचं जाहीर केलं. भूसुरुंगबंदी कराराच्या सदस्य देशांची पहिली बैठक १९९९ मध्ये त्याच्या राजधानीत, मापुतोतच झाली होती. इंग्रजीत अहवाल लिहू शकणारा, पोर्तुगीजमध्ये गावकऱ्यांशी आणि प्रांताधिकाऱ्यांशी बोलू शकणारा भारतीय पदवीधर इतर उमेदवारांत उठून दिसतो. गोवा विद्यापीठात पोर्तुगीज विभाग आहे, पणजीत पोर्तुगीज भाषेच्या कामोंइश केंद्राचे वर्ग चालतात. आजीच्या तोंडून ऐकलेली पोर्तुगीज पुरत नाही. कामकाजासाठी युरोपीय भाषा-मोजपट्टीवरच्या बी-२ पातळीचं प्रमाणपत्र धरून चाला. जिनिव्हासाठी फ्रेंच लागतेच, तिची सोय पणजीत आलियांस फ्रांसेजमध्ये होते. दोन्ही एकदम सुरू करू नका, दोन्ही अर्धवट राहतात.

भूसुरुंग काढणं हे स्फोटकतज्ज्ञांचं काम. कायदा-समाजशास्त्रवाल्याला आत घेतात ते सर्वेक्षण, माहिती आणि अहवालांसाठी. १९९७ च्या भूसुरुंगबंदी कराराची, म्हणजेच ओटावा कराराची, तीन कलमं पक्की करा: चौथ्याखाली साठा ४ वर्षांत नष्ट करायचा, पाचव्याखाली जमीन १० वर्षांत साफ करायची, सातव्याखाली दरवर्षी ३० एप्रिलपर्यंत अहवाल द्यायचा. दहा वर्षांत पुरं होत नाही म्हणून देश मुदतवाढ मागतात, आणि ते अर्ज सर्वांना वाचायला खुले असतात. एक उघडा आणि त्यातली क्षेत्रफळाची सारणी तपासा. जमीन तीन मार्गांनी ‘सुटते’: चौकशीतून सुरुंग नाहीत असं कळलं तर नोंद रद्द होते, तांत्रिक पाहणीनं संशयित क्षेत्राची हद्द आक्रसते, आणि उरलेल्या जागेवर प्रत्यक्ष सफाई होते. या तिन्हींची बेरीज ‘साफ केलेली जमीन’ म्हणून दाखवली की आकडा भव्य दिसतो, पण प्रत्यक्ष खोदलेला भाग त्यातला तुकडाभर असतो. ‘संशयित’ आणि ‘निश्चित’ धोक्याचे चौरस मीटर एकत्र मिसळणं ही दुसरी नेहमीची गल्लत. आंतरराष्ट्रीय मानकं, ज्यांना आयमास म्हणतात, इंटरनेटवर फुकट आहेत. नोंदी ठेवायची प्रणाली आयएम्समा जिनिव्हाच्या मानवतावादी सुरुंगसफाई केंद्राची आहे.

या दाराची दुसरी बाजूही पाहून ठेवा. भारत ओटावा कराराचा सदस्य नाही. तो १९८० च्या विशिष्ट पारंपरिक अस्त्रांच्या करारात आणि सुरुंगांवर निर्बंध घालणाऱ्या त्याच्या सुधारित दुसऱ्या प्रोटोकॉलमध्ये आहे. २०२५ मध्ये एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया, फिनलंड आणि पोलंड या पाच देशांनी ओटावा करारातून बाहेर पडण्याची प्रक्रिया केली. त्याच वर्षी अमेरिकेची परदेशी मदत आटली आणि संयुक्त राष्ट्रांत यूएन-८० नावाखाली काटकसर सुरू झाली. म्हणजे कामाची गरज वाढतेय आणि पैसा कमी होतोय. एकाच दात्यावर उभ्या असलेल्या संस्थेत रुजू होताना करारपत्राची मुदत आधी बघा.

करार कुठलाही घ्या, ठराव वाचता आला पाहिजे. दर ऑक्टोबरला न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेची निःशस्त्रीकरणाचे विषय पाहणारी पहिली समिती बसते आणि डझनावारी ठरावांवर मतं पडतात. प्रस्तावनेचे परिच्छेद वेगळे आणि कृतीचे वेगळे, हे आधी ओळखा. मग क्रियापदं बघा: ‘ठरवते’, ‘आवाहन करते’, ‘स्वागत करते’, ‘दखल घेते’ ही उतरती भाजणी आहे. स्वागत खोडून तिथं दखल आणण्यासाठी राजदूत आठवडाभर भांडतात. त्यानंतर आपल्या देशाचं मत आणि मताचं स्पष्टीकरण. स्वयंचलित मारक अस्त्रांचा, म्हणजे माणसाशिवाय स्वतःच लक्ष्य निवडणाऱ्या अस्त्रांचा, ठराव घ्या. २०२३ मध्ये पहिल्या समितीत तो १६४ विरुद्ध ५ मतांनी झाला, आठ तटस्थ. विरोधातल्या पाचांत भारत होता. २०२४ च्या डिसेंबरात आमसभेत पुढचा ठराव १६६ विरुद्ध ३ नं झाला, तेव्हा भारत तटस्थ राहिला. हा विषय जिनिव्हातल्या पारंपरिक अस्त्रांच्या कराराखालीच चालावा, समांतर रस्ता नको, ही भारताची भूमिका. २०१७-१८ मध्ये तिथल्या तज्ज्ञ गटाचं अध्यक्षपदही भारताच्या राजदूतांकडे होतं. मग विरोधाचं तटस्थात रूपांतर का झालं असावं? दोन्ही वर्षांचे मसुदे शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहा आणि दोन पानांचं टिपण लिहा. नोकरीत सुरुवातीची दोन वर्षं बहुधा हेच करावं लागेल.

पदव्यांचं थोडक्यात. एलएलबी पुरी करा आणि सनद घ्या. घरच्यांचं इतकं ऐकण्यात तोटा नाही. कॉलेजात असतानाच जेसप किंवा हेन्री ड्युनांट स्मृती मूट कोर्टात, म्हणजे विद्यार्थ्यांच्या नकली खटल्यांच्या स्पर्धेत, उतरा. दिल्लीत जेएनयूमध्ये नावातच निःशस्त्रीकरण असलेलं केंद्र आहे, साउथ एशियन युनिव्हर्सिटीत आंतरराष्ट्रीय कायद्याचं एलएलएम आहे, भारतीय आंतरराष्ट्रीय विधी परिषदेत पदविका. बाहेर जायचं तर जिनिव्हा अकॅडमी आणि नेदरलँड्समधलं लायडन विद्यापीठ. लायडनहून हेग हाकेच्या अंतरावर. जुन्या याद्यांत कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेच्या संस्थेचं नाव वर असतं, पण तिथले प्रत्यक्ष वर्गांचे पदव्युत्तर अभ्यासक्रम बंद करत असल्याचं २०२५ मध्ये जाहीर झालंय. एलएलएम कर्ज काढून करायचं असेल तर दोन वर्षं काम केल्यावरच जा. थेट पदवीनंतर गेलेल्यांना परत येताना पदवी मिळते, ओळखी मिळत नाहीत.

संयुक्त राष्ट्रांबद्दल भाबड्या कल्पना असतात. सचिवालयाची इंटर्नशिप बिनपगारी आहे. जिनिव्हात किंवा न्यूयॉर्कमध्ये राहण्याचा खर्च तुमचा. यंग प्रोफेशनल्सच्या भरती-परीक्षेला ३२ वर्षांची वयोमर्यादा आहे आणि कुठल्या देशांचे उमेदवार चालतील ती यादी दरवर्षी बदलते, तेव्हा भारत आहे का ते आधी बघा. पी-२ या कनिष्ठ अधिकारी पातळीला पदव्युत्तर पदवी आणि साधारण दोन वर्षांचा अनुभव लागतो. ओपीसीडब्ल्यूमध्ये शिरलात तरी तिथं आयुष्यभराची नोकरी नसते, जास्तीत जास्त सात वर्षं. संयुक्त राष्ट्रांची नावाजलेली निःशस्त्रीकरण फेलोशिप सरकारनं नाव पाठवलेल्या अधिकाऱ्यांसाठी आहे; खासगी अर्ज पाठवून टपालखर्च वाया घालवू नका. तिकडं जाणारा सरळ रस्ता परराष्ट्र सेवेतून जातो. मंत्रालयात निःशस्त्रीकरण व आंतरराष्ट्रीय सुरक्षा विभाग आहे, आणि जिनिव्हात निःशस्त्रीकरण परिषदेसाठी भारताचं वेगळं कायम मिशन.

गोव्यात राहून परदेशी मोहिमेसाठी काम करता येतं, पण पैशाचा मार्ग कायदेशीर ठेवा. परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली, म्हणजे एफसीआरए २०१० खाली, केलेल्या कामाचा पगार किंवा व्यावसायिक फी ही परदेशी देणगी धरली जात नाही. मित्रांनी मिळून संस्था काढली आणि तिला बाहेरून अनुदान आलं की ती देणगी होते, तिथं नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर हा पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच हवं, आणि प्रशासकीय खर्च २० टक्क्यांवर नेता येत नाही. सल्लागार म्हणून काम करताना लेखी करार, बिल आणि कामाचा तपशील या तीन गोष्टी दर वेळी जपून ठेवा.

आणखी एक गोष्ट, जी पुण्या-मुंबईच्या मार्गदर्शकाला सुचणार नाही. आजोबांचा जन्म १९६१ पूर्वीचा, पोर्तुगीज राजवटीतला, म्हणून पोर्तुगालमध्ये नोंद करून तिकडचा पासपोर्ट घ्यायचा विचार घरात चालू असेल, तर हे करिअर ठरवण्याआधी त्यावर निर्णय घ्या. परदेशी नागरिकत्व स्वेच्छेनं घेतलं की १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमानुसार भारतीय नागरिकत्व जातं. मग परराष्ट्र सेवा आणि मंत्रालयाचा विधी विभाग संपले, भारतातली वकिलीही अडचणीत येते. उलट बाजूनं युरोपात राहण्या-कामाची परवानगी आपसूक मिळते, आणि युरोपीय सरकारं आपल्या नागरिकांसाठी संयुक्त राष्ट्रांत ज्या कनिष्ठ जागा पुरस्कृत करतात त्यांचा विचार करता येतो. दोन्ही रस्ते चांगले आहेत. एक पाय इकडं, एक तिकडं ठेवून मात्र चालत नाही, कारण प्रत्येक अर्जात पहिला रकाना राष्ट्रीयत्वाचाच असतो.

आता या वर्षी काय करायचं ते. एक करार निवडा, मूळ मजकूर परिशिष्टांसकट दोनदा वाचा. व्हिएन्नाच्या १९६९ च्या करारविषयक कराराची १८, ३१ आणि ३२ ही कलमं सोबत ठेवा. भारत त्याचाही सदस्य नाही, तरी अर्थ लावण्याचे नियम सगळे तेच वापरतात. वर सांगितलेल्यांपैकी एक टिपण लिहा: घोषणापत्र, मुदतवाढीची सारणी किंवा दोन मसुद्यांची तुलना. इंग्रजीत, दोन पानं, पहिल्या परिच्छेदात निष्कर्ष, प्रत्येक विधानाला दस्तऐवज क्रमांक. संस्थांना ईमेल करताना विषयाच्या ओळीत कराराचं नाव घाला, मजकूर सहा-सात ओळींचा ठेवा आणि टिपण जोडा. बैठकांना वैयक्तिक नोंदणी बहुधा चालत नाही, संस्थेच्या लेटरहेडवर नाव जावं लागतं, म्हणून पत्रात थेट विचारा की पुढच्या बैठकीच्या शिष्टमंडळात टिपणं घ्यायला कुणी हवं आहे का. बोलायची संधी मिळालीच तर तीन मिनिटांत इंग्रजीचे साडेतीनशे शब्द मावतात. मजकूर दुभाष्यांकडे आधी पोचवा, नाहीतर तुमचा मुद्दा निम्म्या सभागृहाला कळायच्या आत अध्यक्ष पुढच्या वक्त्याचं नाव घेतात.